उरल्याचं पान

फार मागची गोष्ट आहे. किती मागची म्हणाल, तर आमच्या डोंगरावर अजून घंटा चढली नव्हती, एवढी मागची. लहानांनी पुढे सरकून बसावं, थोरांनी मागे भिंतीला टेकावं. गोष्ट माझ्याच गावची आहे, तेव्हा सांगताना मधूनमधून माझी छाती फुगेल. तेवढं चालवून घ्या.

गावाचं नाव दोरवाडी. डोंगराच्या पायथ्याशी शे-सव्वाशे घरं. गावाचा धंदा एकच होता, जे कुणाला हलत नाही ते हलवायचं. देवळाचे खांब, तेलाचे घाणे, राजवाड्याचे दरवाजे, चिखलात रुतलेल्या नावा, सगळं दोरवाडीच्या दोरानं ओढून जागेवर जायचं. बायका अंबाडीचा वाख काढून दोर वळायच्या आणि पुरुष ते ओढायचे. पंचक्रोशीत कुणाची म्हैस विहिरीत पडली, तर लोक आधी दोरवाडीला माणूस धाडत आणि मग म्हशीच्या मालकाला कळवत.

या गावाची एक चाल होती. मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं गाव वडाखाली एका पंगतीला बसे. गुळाची लापशी शिजे. पण घास तोंडात घालण्याआधी गावचा नाईक उभा राही आणि कामातला एकेक धोका मोठ्यानं विचारी. दोर तुटला तर? गाडा मागे सरकला तर? ज्यानं त्या धोक्याचा बंदोबस्त केला असेल तो बसल्या जागेवरून उत्तर देई. सगळे धोके असे विचारून झाले, की नाईक शेवटचा प्रश्न विचारी, "काय उरलं?"

कारण काहीतरी उरतंच. कितीही घासली तरी कढईच्या कानाशी थोडं काळं राहतंच ना, तसं. आमच्या वाडवडिलांना त्याची लाज वाटत नसे. त्या उरलेल्या धोक्याला त्यांनी चक्क नाव दिलं होतं, 'उरल्या'. जणू एखादा द्वाड पाहुणा. येईल की नाही, कधी येईल, कुणाला ठाऊक नाही. म्हणून पंगतीच्या टोकाला त्याचं एक पान मांडलेलं असे.

आता पान मांडलं, हात जोडले आणि झालं, असं मात्र नव्हतं. त्या पानावर गावातलंच एक माणूस बसे. उरल्याच्या वाटची लापशी ते माणूस खाई, आणि खाण्याआधी तीन गोष्टी सगळ्यांना ऐकू जातील अशा सांगे. काय उरलंय. ते आलं, हे मला कशावरून कळेल. आणि मी हाक दिली की तुम्ही काय करायचं. हाकही ठरलेली होती, "पान वाढलंऽऽ!" ही हाक दोरवाडीत दुसऱ्या कशालाही वापरत नसत. लग्नात पाहुणे ताटकळले तरी चालेल, पण 'पान वाढलं' असं कुणी म्हणायचं नाही.

पानावर बसलेल्या माणसानं मग काम संपेपर्यंत दोराला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. बाहेरगावची माणसं हसायची. म्हणायची, "तुमच्याकडं लापशी खाऊन बसून राहण्याचंही काम असतं वाटतं!" हसू द्या. त्यांच्या गावांत लंगडी माणसं किती होती आणि आमच्या गावात किती, ते त्यांनी कधी मोजलं नाही.

तर अशा या गावात भिवराबाई नावाची बाई होती. दोर वळणाऱ्या बायकांची ती म्होरकी. गावचा नाईक हैबती हा तिचा धाकटा दीर. तिचा नवरा, म्हणजे हैबतीचा थोरला भाऊ, कामावर असतानाच वारला होता. त्या दिवशी ओढायला हात कमी पडले, म्हणून पानावरच्या माणसाला उठवून दोराला लावलं होतं. खांब घसरला तेव्हा बघणारं कुणीच नव्हतं. तेव्हा भिवराबाईच्या पोटाशी तीन वर्षांचा म्हाळू होता. आता तो चांगला तिशीचा गडी झाला होता, आणि दोरवाडीत सगळ्यांत अवघड मानलेली जागा त्याची होती. गाड्याच्या अगदी मागे, मागच्या दोराचं पहिलं टोक. गाडा सरकला तर आधी त्याच्यावर येणार.

त्या वर्षी राजानं मोठी घंटा ओतून घेतली. दरसाल पावसाळ्यात नदी खोऱ्यातल्या गावांत शिरायची. राजानं तीन वर्षं खपून नदीला बांध घातला होता. बांध झाला, आणि राजा म्हणाला, "आता डोंगरमाथ्यावर घंटा पाहिजे. नदी चढायला लागली, की खोऱ्यातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत आवाज गेला पाहिजे." घंटा एवढी जड झाली, की चौदा रेड्यांचं वजन एका पारड्यात घातलं असतं तरी घंटेचं पारडं वर उचललं नसतं.

ती माथ्यावर नेणार कोण? दरबारात दोन गावं हजर झाली. एक दोरवाडी, आणि दुसरं नदीपलीकडचं, ज्यांचं नाव मी घेत नाही, कारण त्यांच्या लेकी आज आमच्या गावात सुना म्हणून नांदताहेत.

प्रधानजींनी विचारलं, "कामात धोका किती उरेल?"

पलीकडच्या गावचा मुखिया मिशीवर हात फिरवून म्हणाला, "एकबी उरणार न्हाई, सरकार."

प्रधानजींनी हैबतीकडे पाहिलं. "आणि तुमच्याकडं?"

आता हैबतीला काय उत्तर द्यायचं ते लहानपणापासून पाठ होतं. 'काय उरतंय ते बघू, आणि त्याच्यावर माणूस बसवू.' पण समोर राजा होता, शेजारी तो मिशीवाला होता, आणि सात पिढ्यांत दोरवाडीच्या हातून कुठलं काम दुसऱ्यांकडे गेलं नव्हतं. हैबतीची जीभ घसरली.

"आमच्याकडंबी काय उरणार न्हाई, महाराज."

काम दोरवाडीला मिळालं. हैबती गावात आला तो ढोल वाजवीतच. घरी आल्यावर मात्र तो भिवराबाईच्या नजरेला नजर देईना.

"भावजी, काय बोलून आलात?" तिनं विचारलं.

हैबतीनं सांगून टाकलं. भिवराबाईनं ऐकून घेतलं आणि हातातला वाख पुन्हा वळायला घेतला. "तुमी बोललात. डोंगरानं न्हाई मान डोलावली," ती एवढंच म्हणाली.

पण एक सांगतो, तयारीत आमच्या लोकांनी कसूर ठेवली नाही. ती तयारी आठवली की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. बायकांनी महिनाभर बसून तिपेडी दोर वळला, मनगटाएवढा जाड. गड्यांनी सागाचा गाडा बांधला. वाटेवर जिथं माती भुसभुशीत, तिथं फरशा बसवल्या. प्रत्येक वळणावर एकेक लाकडी खांब कमरेइतका खोल पुरला, म्हणजे वेळ आली तर मागचा दोर त्याला गुंडाळता येईल. घंटेच्या आतला लोलक काढून वेगळा नेला, आत पेंढा कोंबला आणि वरून घोंगड्या बांधल्या, म्हणजे घंटेचा हुंकारसुद्धा बाहेर पडू नये.

हुंकाराची एवढी भीती का, तर तिसऱ्या वळणावर मोहोळकडा होता. वाट कड्याला चिकटून जाते, एका अंगाला दरी, आणि डोक्यावर कड्याला आग्यामोहोळाची बारा पोळी लटकलेली. आग्या मोहोळ उठलं की माणूस हातात काय आहे ते विसरतो. घंटा ओढणारे चाळीस गडी आणि मागचा दोर धरणारे बारा जण जर तिथं हात सोडून पळाले, तर घंटा सरळ मागे येणार. आणि मागे पहिला कोण, तर म्हाळू.

मोहोळ काढणाऱ्यांनी आठ दिवस आधी धूर करून अकरा पोळी उतरवली. बारावं पोळं मात्र कड्याच्या पोटात, खोल कपारीत होतं. वरून दोर सोडला तर तो लांब राही, खालून शिडी पोचेना, धूर वाऱ्यानं उडून जाई. तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा माणसं सुजलेली तोंडं घेऊन परत आली. शेवटी ठरलं, सकाळच्या गारव्यात, माश्या सुस्त असताना, गुपचूप तेवढं वळण काढायचं.

कामाच्या आदल्या दुपारी वडाखाली पंगत बसली. हैबती उभा राहिला.

"दोर तुटला तर?"

"तिपेडी हाय," बायका म्हणाल्या.

"गाडा मागं सरकला तर?"

"दर धा पावलांवर पाचर मारणार," मागचे गडी म्हणाले.

"चाक रुतलं तर?"

"फरशा हायेत."

"मोहोळ उठलं तर?"

"बारातली अकरा काढली. बाराव्याखालनं गारव्यात जानार."

हैबती थांबला. आता शेवटचा प्रश्न. सगळी पंगत त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं प्रश्न विचारलाच नाही.

तो म्हणाला, "मंडळी, यंदा काय उरलं न्हाई. मी महाराजांम्होरं तसा शब्द दिलाय. पण चाल मोडायची न्हाई. पान मांडलंय, ते आपण देवाच्या वळूला घालू."

बघा, माणूस किती हुशार! चाल मोडली नाही, फक्त तिचा जीव काढून घेतला. देवाला सोडलेला तो वळू वडाखालीच उभा होता. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात माळ घातली, आणि उरल्याचं पान त्याच्यासमोर ठेवलं. वळू खुशीत लापशी चाटायला लागला. काही म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, पण नाईकाच्या शब्दापुढं बोलणार कोण?

भिवराबाई बायकांच्या पंगतीतून उठली. पदर खोचला आणि सरळ वळूपाशी गेली.

"झालं का रे बाबा जेवून?" तिनं विचारलं. "मग सांग बरं. काय उरलंय? तुला कशावरनं कळंल? आन् तू हाक दिलीस की आमी काय करायचं?"

वळूनं शेपटी हलवली.

"न्हाई ना सांगता येत? मग सर तिकडं. ह्यो पाट माझा."

पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. भिवराबाईनं वळूचं पान त्याच्याच पुढ्यात लोटलं आणि सुनेला हाक मारली, "दुसरं पान आण गं. लापशी वाढ." आणि ती पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसली.

हैबती लालबुंद झाला. "वैनी, ही गोष्ट प्रधानजींच्या कानावर गेली तर? मी दरबारात शब्द दिलाय!"

"भावजी, तुमचा शब्द खोटा पडला तर तुमची मान खाली जाईल. ती वर करता येती. माझ्या म्हाळूवर घंटा पडली तर त्येला वर कोण करणार?"

भिवराबाईनं मग तीन गोष्टी सांगितल्या.

"बारावं पोळं उरलंय. मी वाटंलगतच्या समोरच्या टेकाडावर बसून त्याच्यावर नजर ठेवणार. मोहोळ उठायच्या आधी पोळ्यावर लाट फिरती. वाऱ्यानं जोंधळ्याच्या शेतात फिरती ना, तशी. पहिल्यांदा लाट फिरली की माश्या नुसत्या दटावतात. लागोपाठ तीन लाटा फिरल्या, की उठल्याच म्हणून समजा. तवा मी हाक देणार. हाक आली की पाचर मारायची, मागचा दोर खांबाला तीन येढे द्यायचा, आन् मग हात सोडून जागच्या जागी पालथं पडायचं. प्रत्येकानं खांद्यावर आपलं घोंगडं न्यायचं. अंगावर घोंगडं घ्यायचं आन् हलायचं न्हाई. पळेल त्यो मरेल. एवढं सगळं इस मोजायच्या आत झालं पायजे."

"उन्हाचं घोंगडं कोण वागवंल?" एकजण कुरकुरला.

"तू वागवशील," भिवराबाई म्हणाली. "जेवून उठलात की आजच तीनदा करून दावा."

आणि त्या दुपारी बावन्न धट्टेकट्टे गडी गावच्या चढावर रिकामा गाडा ओढत, हाक आली की घोंगडी घेऊन पालथे पडत होते. पोरं टाळ्या पिटत होती. पहिल्या वेळी चाळीस मोजून झाले तरी निम्मे उभेच. दुसऱ्या वेळी तीस. तिसऱ्या वेळी भिवराबाईनं अठरा मोजले आणि बघते तो उताराभर नुसती काळी घोंगडी पडलेली. गडी घामेजले होते, पण मनातून खूश होते. हैबतीनं हे सगळं चालू दिलं, कारण वहिनीपुढं त्याचं चालत नव्हतं. एकच गोष्ट त्यानं बजावली, "ही बात गावाबाहेर जाता कामा नये." नेमकी इथं त्याची चूक झाली, आणि पानावर बसलेल्या भिवराबाईनंही त्याला तिथं अडवलं नाही. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पहाटे दिसू लागताच घंटा निघाली. मंडळी, ते बघायला हवं होतं! चाळीस पाठी एका तालात वाकत होत्या, एका तालात उठत होत्या. दर दहा पावलांवर पाचरीचा ठोका पडत होता. दोराचा कर्र आवाज आणि माणसांचे श्वास, एवढंच ऐकू येत होतं. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण गेलं. ऊन अजून कड्याच्या मागेच होतं. भिवराबाई टेकाडावर बसली होती. खांद्यावर घोंगडं आणि डोळे कपारीवर.

गाडा तिसऱ्या वळणावर अर्धा चढला, आणि वरच्या वाटेनं प्रधानजी आले.

प्रधानजींचं तरी काय चुकलं? त्यांना सांगितलं होतं, की काही उरलेलं नाही. ज्याला काही उरलं नाही असं सांगितलंय, तो कशाला जपून पाऊल टाकेल? राजाची घंटा चढते आहे, तिचं स्वागत झोकात करावं, म्हणून ते रेशमी अंगरखा घालून, अंगाला अत्तर चोपडून आले होते. बरोबर दोन तुताऱ्या आणि चार ताशेवाले होते. वळणावर घंटा दिसताच प्रधानजींनी हात वर केला, आणि तुताऱ्या घुमल्या.

पळत जाऊन त्यांना थांबवावं असं भिवराबाईला वाटलं, पण पानावरच्या माणसानं नजर हलवायची नसते. ती जागची हलली नाही. कपारीतल्या पोळ्यावर एक लाट फिरली.

ताशे कडाडले. दुसरी लाट फिरली.

हाक द्यावी, आणि माश्या उठल्याच नाहीत तर? राजाच्या प्रधानासमोर सगळं गाव घोंगडी घेऊन मातीत लोळलेलं दिसणार. सात पिढ्यांचं नाव हसण्यावारी जाणार. हा विचार तिच्याही मनात आला, कारण तीही शेवटी दोरवाडीचीच होती. मग तिसरी लाट फिरली, आणि भिवराबाई ओरडली,

"पान वाढलंऽऽऽ!"

हाक हैबतीपर्यंत पोचली. पाचर मारायचा हुकूम त्याचा होता. त्यानं एकदा प्रधानजींकडे पाहिलं. ते हसत हात हलवून 'चला, चला' करत होते. दरबारातला शब्द त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मग त्यानं मागे पाहिलं. गाड्यामागं दोर धरून म्हाळू उभा होता, हुबेहूब बापासारखा.

"पाचर!" हैबती गरजला. "दोर गुंडाळा, पडा!"

पाचरी बसल्या. म्हाळूनं आणि त्याच्या जोडीदारांनी खांबाला एक वेढा दिला, दोन दिले, तीन दिले. दोर ताणला, खांब करकरला आणि गाडा थांबला. बावन्न घोंगडी एकदम पसरली. भिवराबाईनं सोळा मोजले होते, तेवढ्यात कपारीतून काळा धूर निघावा तशा माश्या बाहेर पडल्या.

ताशेवाले ताशे टाकून पळाले. तुतारीवाले आल्या वाटेनं पळाले, ते थेट राजवाड्यात जाऊन थांबले म्हणतात. प्रधानजींना कुठं पळावं ते कळेना. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि अत्तराच्या वासानं माश्या नेमक्या त्यांच्याकडेच वळलेल्या. ते दरीच्या काठाशी मागे मागे सरकत होते.

भिवराबाईचं काम आता झालं होतं. हाक दिली होती, पान वाढलं होतं. ती टेकाडावरून धावत उतरली, प्रधानजींना हाताला धरून खाली पाडलं आणि आपलं घोंगडं त्यांच्यावर टाकलं. स्वतः पदरानं डोकं गुंडाळून शेजारी पालथी पडली.

"हलू नका, सरकार," ती म्हणाली. "दम धरा."

माश्या बराच वेळ घोंघावत राहिल्या. ऊन वर आलं, घोंगड्यांखाली माणसं घामानं भिजली, पण एकही घोंगडं हललं नाही. काल कुरकुरणारा गडी तर म्हणे त्या घोंगड्याचे मनोमन मुके घेत होता. शेवटी हळूहळू माश्या कपारीत परतल्या. तेव्हा एकेक डोकं बाहेर आलं. हैबतीनं माणसं मोजली, बावन्नच्या बावन्न. घंटा पाचरीवर टेकून शांत उभी होती.

त्या दिवशी तिला तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, तुताऱ्या-ताशांवाचून, ती माथ्यावर पोचली.

मग दरबार भरला. हैबती पुढं उभा होता, आणि त्याच्या शेजारी भिवराबाई. तिचं तोंड टम्म पुरीसारखं फुगलं होतं, एक डोळा बंद होता. पण मान अशी ताठ, की राजाच्या आधी लोकांची नजर तिच्यावर जाई.

प्रधानजी म्हणाले, "नाईक, जीव वाचला हे खरं. पण तुम्ही याच जागी म्हणाला होतात, काही उरणार नाही."

हैबतीनं पागोटं काढून हातात घेतलं. "खोटं बोललो, सरकार. पलीकडच्यांनी तसं सांगितलं, म्हनून मीबी सांगितलं. आन् वर तुमच्यापास्नं लपवलं. लपवलं नसतं, तर तुमी तुताऱ्या आणल्या नसत्या."

"म्हणजे तुमचं काम अर्धवट होतं," प्रधानजी म्हणाले. "पूर्ण केलेल्या कामात धोका उरतो कसा?"

यावर भिवराबाईनं हात जोडले. "महाराज, एक इचारू?"

"विचार," राजा म्हणाला.

"तुमी नदीला तीन वर्सं खपून बांध घातलात. चांगला घातलात?"

"खोऱ्यात असा बांध दुसरा नाही," राजा अभिमानानं म्हणाला.

"मग घंटा कशापायी?"

राजा सिंहासनावर जरा पुढे सरकला. भिवराबाई म्हणाली, "बांध घातला तरी येखाद्या साली नदी त्याच्यावरनं येईल, हे तुमाला ठावं हाय. म्हनून तुमी घंटा ओतलीत, आन् तिच्याजवळ माणूस बसवनार. बांध अर्धवट हाय म्हनून न्हवं, महाराज. बांध घालनारा शहाणा हाय म्हनून. आमी दुसरं काय केलं? आमचं बी ते उरल्याचं पानच हाय."

राजा प्रधानजींकडे वळला. "प्रधानजी, प्रश्न आपलाच वाकडा होता. धोका उरेल म्हणणाऱ्याला आपण काम देणार नव्हतो. मग खरं कोण सांगणार?"

प्रधानजी खाली उतरले, आणि सगळ्या दरबारासमोर त्यांनी भिवराबाईला हात जोडले. "बाई," ते म्हणाले, "त्या पानावर बसायचं काम मला हसण्यासारखं वाटलं असतं. आज त्याच पानामुळं मी इथं उभा आहे."

त्या दिवसापासून त्या राज्यात कुठलंही काम देताना 'धोका उरेल का' असं विचारणं बंद झालं. 'काय उरलं, आणि त्याच्यावर कोण बसलंय' असं विचारू लागले. पलीकडच्या मिशीवाल्या मुखियाला पुढच्या कामात हाच प्रश्न आला, तेव्हा तो आमच्या गावी आला आणि भिवराबाईसमोर शिकायला बसला. तिनं त्याला आधी लापशी वाढली.

हैबती पुढं वीस वर्षं नाईक होता. दर पंगतीला तो शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठ्या आवाजात विचारी. आणि मोहोळकड्याखालचा घंटेचा रस्ता दुरुस्त करायचं काम निघालं, तेव्हा पानावर तो स्वतः बसला, आणि प्रधानजींना आठ दिवस आधी निरोप गेला.

घंटा अजून आहे. तिच्या काठावर राजाचं नाव कोरायचं ठरलं होतं. राजानं ते कोरू दिलं नाही. तिथं एक पत्रावळ कोरलेली आहे, साधी, पानांच्या शिरांसकट. खोऱ्यातले लोक वर येतात, घंटा बघतात, आणि विचारतात, इथं जेवणाचं पान कशाला? मग आमच्या गावचं जे कुणी जवळ असेल, अगदी शेंबडं पोरसुद्धा, ते छाती पुढं काढून सांगतं, "ते भिवराआजीचं पान हाय. ती बसली, म्हनून बावन्न जण उठले."

धोका उरलाच नाही असं मिरवणाऱ्यापेक्षा, उरलेला धोका सगळ्यांना सांगून त्याच्यासमोर जागा राहणारा माणूसच खरा कसबी.